हुपरीला नेलेली दोन यंत्रं

"ह्या वयात पाटी घिऊन कुठं निघालीया गं ही?"

कोल्हापूरहून सुटलेली आमची एसटी शहराबाहेर पडून उसाच्या शेतांमधून धावू लागली होती, तेव्हा मागच्या बाकावरून हा प्रश्न आला. विचारणारी बाई मला नव्हे, शेजारणीला विचारत होती. शेजारीण म्हणाली, "नापास झाली आसंल की." दोघी खळखळून हसल्या. मी मागे वळले नाही. मांडीवरचा टॅबलेट संगणक ओढणीखाली सरकवला आणि बाहेर बघत राहिले.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. दोन हजार सहा सालची ही गोष्ट. असली वस्तू तोवर मीही फक्त मासिकातल्या जाहिरातीत पाहिलेली. पुण्याच्या ज्या संस्थेत मी नुकती लागले होते, तिथे घरोघरची आरोग्य पाहणी कागदाऐवजी यंत्रावर करायचं घाटत होतं. कुठलं यंत्र घ्यायचं ते फिरतीवर वापरून बघायला मला पाठवलं होतं. एक हा मोठा, जड, रंगीत पडद्याचा टॅबलेट. दुसरं तळहातावर मावणारं, फिकट पडद्याचं, बारीक लेखणीनं टिचकी मारून चालवायचं यंत्र. एकाच घरात दोन्हींवर तेच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं ताडून बघायची, असं आमच्या सरांनी सांगितलं होतं. खरं तर त्यांचं मन मोठ्यावर आधीच बसलं होतं. माझ्याकडून हवा होता तो होकार, आणि होकार देणं मला नेहमीच सोपं जात आलं आहे.

मोठ्याच्या पिशवीचा पट्टा प्रवासातच उसवला होता. सकाळी कोल्हापुरात उतरल्यावर चपला शिवणाऱ्या एका काकांनी त्याला नवा चामडी पट्टा लावून दिला. "ह्याच्यावर पिच्चर बगाय येतंय व्हय?" त्यांनी विचारलं. येतं म्हटल्यावर त्यांनी यंत्र हातात तोललं. "मग बसून बगायचं की. गळ्यात अडकवून गावभर फिरायचं म्हंजे बैलाचं काम." छोट्याला मी बाजारातून चेन असलेली रेक्झिनची पाकिटवजा पिशवी घेतली. जादा बॅटरी मात्र दोन्हींचीही कुठे मिळाली नाही.

हुपरी चांदीच्या पैंजणांचं गाव. मी चकचकीत दुकानांची कल्पना करून गेले होते. दिसली ती साधी घरं, आणि जवळजवळ प्रत्येक दारातून येणारी बारीक ठकठक. गावातल्या आरोग्यसेविका सुरेखाताई थांब्यावर उभ्या होत्या. चालता चालता त्यांनी माझे प्रश्न ऐकून घेतले आणि डोक्याला हात लावला. "आवो, बातम्या सांगितल्यागत ईचारू नगा. 'आपणांस श्वसनाचा त्रास संभवतो का' म्हंजे काय? दम लागतोय का, म्हना." माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेतलं. मराठी मी पुस्तकातून जपून उचलत आले, ती तशीच बोलते. मी प्रश्न मनात सुधारून घेतले.

ज्या घरी गेलो तिथे पुढच्या खोलीतच काम चालत होतं. सासरे साखळ्या जुळवत होते, सासूबाई घुंगरू निवडत होत्या. सून पेटत्या ज्योतीवर नळीनं फुंकर घालत कड्या झाळत (सांधत) होती. तिला इथे संगीता म्हणते. तिचा नवरा पैंजण विकायला परगावी गेला होता. पाचएक वर्षांची मुलगी कोपऱ्यात झोपली होती.

मी मोठा टॅबलेट सुरू केला, आणि अर्ध्या मिनिटात घर त्याच्याभोवती गोळा झालं. अक्षरं खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचता येतील एवढी मोठी. आतल्या खोलीतून आलेला संगीताचा दीर प्रश्न मोठ्यानं वाचू लागला, म्हणजे मला विचारायची गरजच उरली नाही.

"खोकला किती दिवसांपासून आहे? वयनी, बोला."

"धुराचा हाय त्यो," सासूबाई म्हणाल्या. "समद्यांस्नीच हाय. आठवडा लिव्हा."

"थुंकीतून रक्त पडतं का?"

"रगत?" सासरे हसले. "आमच्यात नसतंय असलं काय. न्हाय म्हना, पावणं."

मी संगीताकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती. "न्हाय," ती म्हणाली. मी 'नाही'वर खूण केली.

तेवढ्यात वीज गेली. त्या काळात भारनियमन रोजचंच होतं. थोड्या वेळानं टॅबलेटची बॅटरीही संपली आणि पडदा काळा झाला. मी छोटं यंत्र काढलं तेव्हा दीर वाकून बघून म्हणाला, "ह्यात काय दिसतंय डोंबल? त्येच प्रश्न परत? तुमचं तुमी करा." सगळे आपापल्या कामाकडे वळले. "उठा, हात धुवा आधी," सासूबाई मला म्हणाल्या. "संगीता, घाल पाणी त्यास्नी."

चांदीच्या घरातून हात धुतल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही, पाहुणासुद्धा. हातापायांना चिकटलेला चांदीचा कीस घमेल्यात खाली बसतो, आणि ते पाणी कधी ओतून देत नाहीत. पाणी घालणं सुनेचं काम. सुरेखाताई सासूबाईंशी बोलत मागे राहिल्या. परसात आम्ही दोघीच होतो. हातातलं छोटं यंत्र मी कट्ट्यावर ठेवलं.

तिनं माझ्या हातांवर तांब्या रिता केला आणि हळूच विचारलं, "ह्यात लिव्हलेलं कोन वाचतंय?"

"नाव नसतं," मी म्हणाले. "नुसता क्रमांक."

तिनं आपले हात पदराला पुसले. मी यंत्र उचलून तिला रक्ताचा प्रश्न दाखवला, वाचला नाही. वाचायला मला धीर झाला नाही, असंच म्हणायला हवं. ती दहावीपर्यंत शिकलेली होती. तिनं माझ्या हातातून लेखणी घेतली, ओठ हलवत प्रश्न वाचला आणि 'हो'वर टेकवली. मग लेखणी परत दिली.

"घरात सांगू नगा, ताई. म्हायेरला धाडत्याल मला, आन पोरगी हितंच ठिवून घेत्याल."

"सुरेखाताईंना सांगू?"

तिनं मान हलवली. "त्यास्नी सांगा."

रस्त्यावर आल्यावर मी सुरेखाताईंना सांगितलं. मागून कोणी येत नाही ना, ते त्यांनी वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "दळपाला जातीय की ती. गिरणीला लागूनच दवाखाना हाय. थुंकी तपासून घिऊ. औशिद सुरू व्हायला वाजंत्री कशाला लागतीय?" त्यांच्या घरी भाकरी आणि खर्डा (मिठात रगडलेली भाजकी मिरची) असं जेवण झालं. माझ्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी पुढे दह्याची वाटी सरकवली, कारण विचारलं नाही.

परतीच्या बसमध्ये दोन्ही यंत्रं माझ्या मांडीवर होती. चांगलं यंत्र म्हणजे ज्यावर जास्त दिसतं, असं मी धरून चालले होते. भलत्या घरात, भलत्या लोकांसमोर जास्त दिसणं किती महाग पडू शकतं, हे पुण्यात बसून कळलं नसतं. आणि हे सांगायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं, याची मला भीती वाटत होती.

सोमवारी सरांनी दोन्हींतली उत्तरं शेजारी शेजारी ठेवली. "एकच बाई, आणि इथे 'नाही', तिथे 'हो'? बघा, हेच मी म्हणत होतो. इवलासा पडदा, बोट घसरणारच. साठ गावांत अशाच चुका होत राहतील. मोठंच मागवू या. तुझं काय म्हणणं?"

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवेन, हे त्यांना ठाऊक होतं.

"बोट घसरलं नाही, सर," मी म्हणाले. "लेखणी तिच्या हातात होती. खरं उत्तर तेच आहे. मोठं यंत्र मागवू नका."