खाजगी माणसाला मिळणार नाही

नव्वदच्या पुढची वर्षं होती. आमचं शेत बावड्याजवळ, नीरेच्या काठाला. नदीवर थ्री फेजची मोटार होती, पण तिन्ही फेज क्वचितच मिळत. घरातले दिवे लागावेत आणि मोटारी चालू नयेत म्हणून वीज मंडळ एक फेज काढून घ्यायचं. मग लोक मोटारीला कंडेन्सर जोडायचे. बंद डब्यासारखी वस्तू, वर दोन टोकं. ती जोडली की दोन फेजवरही मोटार फिरते. मंडळाला ते मंजूर नव्हतं, पण आमच्या बाजूला जो तो जोडत होता.

माझ्या धाकट्या दिरांनाही कंडेन्सर हवा होता. इंदापुरात मिळाला नाही. तिथल्या दुकानदाराने बारामतीच्या एका ठोक व्यापाऱ्याचं दुकान सांगितलं. टीव्ही-रेडिओचे सुटे भाग तो विकायचा. मला बारामतीत डोळे दाखवायचे होते, म्हणून मीही बरोबर गेले.

"दुकान कुठं आहे तुमचं?" व्यापाऱ्याने विचारलं.

"दुकान न्हाय, शेत हाय," दीर म्हणाले.

"मग मिळणार नाही. आम्ही मेकॅनिकला देतो, दुकानदाराला देतो. खाजगी माणसाला नाही."

"का? माजं पैसं काय खाजगी हायेत?"

दुकानातली माणसं हसली. व्यापारी हसला नाही. मागच्या कपाटात कंडेन्सर ओळीने मांडलेले दिसत होते, आणि आम्ही हात हलवत परत आलो.

पुढच्याच बाजाराला गावातला रेडिओवाला बारामतीला गेला आणि स्वतःच्या नावावर दोन कंडेन्सर घेऊन आला. दिरांनी ते त्याच्याकडून घेतले. खाजगी माणसाला न मिळणारी वस्तू अशी मिळाली. मोटार फिरली, दीर खूश झाले.

आमच्याकडे एक रीत होती. विजेचं काही बिघडलं की लाइट जायची वाट बघायची. लाइट गेली की वायरी जोडायच्या, पेटी उघडायची, फ्यूज घालायचा. लाइट नाही म्हणजे भीती नाही, हे आम्ही लहान पोरांनाही शिकवलं होतं.

त्या दिवशी सकाळी दिरांचं आणि धाकट्या जावेचं भांडण झालं. तिला माहेरी कऱ्हाटीला जायचं होतं, ते नको म्हणत होते. आवाज शेजारच्या वस्तीपर्यंत गेला. मग ते मोटारीवर गेले. मी बांधावर घास कापत होते. दुपारी लाइट गेली. मोटार आधीपासून कुरकुर करत होती, म्हणून त्यांनी पेटी उघडली. पकडीने एका कंडेन्सरची वायर सोडवून तो बाजूला ठेवला आणि दुसऱ्याला हात घातला. फटाका वाजावा तसा आवाज झाला आणि माणूस मागे दगडावर फेकला गेला. मी धावत गेले. डोळे पांढरे झाले होते. श्वास चालू होता, एवढंच.

जीपमध्ये घालून इंदापूरला नेलं. डॉक्टरांनी व्हरांड्यातच विचारलं, "शॉक लागला म्हणता. लाइट होती का?"

"न्हवती," मी म्हणाले.

"मग शॉक कसला? घरात काही भांडण? काही प्यायलेत का?"

त्यांच्याकडे तसे रुग्ण येतच असतील, त्यांनी विचारायला हवंच होतं. पण आमच्या गावची चार माणसं तिथं उभी होती. आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती: बायकोशी भांडून औषध प्यायला. दीर अर्धवट शुद्धीत होते, खांदा निखळला होता. विचारलं की एवढंच म्हणायचे, "लाइट न्हवती." त्याने तर गावाची खात्रीच पटली.

सासूबाई जावेला म्हणाल्या, "माज्या पोराला तूच हितवर आणलंस. दवाखान्यात पाऊल टाकू नगंस." कऱ्हाटीहून तिचा भाऊ बोलावून घेतला, तिला घेऊन जायला. जाऊ भिंतीला टेकून बसून होती. रडली नाही. मी म्हणाले, "आत्याबाई, मी बघितलंय. त्यांनी पेटीत हात घातला तवाच उडालं."

"लांबनं तुला काय दिसलं? लाइटीबिगर करंट येतुय व्हय कुठं?"

मी चौथीपर्यंत शिकलेली. पण विषाचा आवाज होत नाही, एवढं मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मोटारीवर गेले, सोडवलेला कंडेन्सर पिशवीत घातला आणि एसटीने बारामती गाठली.

दुकानात पिशवीतून तो काढायला लागले तसा व्यापारी ओरडला, "मावशी, टोकांना हात लावू नका! खाली ठेवा!" प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याने दोन्ही टोकांवर आडवा टेकवला. फाट्कन आवाज झाला, निळी ठिणगी उडाली. एसटीत ती पिशवी मी मांडीवर घेतली होती.

"ह्यात वीज आली कुठनं? ह्याला तर वायरच न्हाय."

"आत साठून राहते. लाइट गेली तरी राहते. हात घालायच्या आधी दोन टोकांना बल्ब लावून तो रिकामा करायचा असतो."

"मग त्या दिवशी हे का सांगितलं न्हाय?"

"त्या दिवशी मी तुम्हाला विकलाच नाही. ज्याला विकला त्याला माहीत आहे."

"त्यानं आमाला सांगितलं न्हाय."

"मग त्याला विचारा."

"आमचा माणूस इंदापुरात पडलाय. इख प्यायला म्हणत्यात. तुमी डॉक्टरला फोन करून हे एवढं सांगा."

"माझा काय संबंध? तुम्ही माझं गिऱ्हाईक नाही."

ठिणगीने मी जेवढी हादरले नव्हते तेवढी या बोलण्याने हादरले. आमच्या जिवाला धोका नको म्हणून हा आम्हाला विकत नाही, असं मी समजत होते. वस्तू आमच्या घरी यायची ती आलीच होती. आली नव्हती ती फक्त तिच्याबरोबर सांगायची गोष्ट. ती याच्या दुकानात राहिली होती.

मी म्हणाले, "सगळ्यात स्वस्तातलं काय असंल ते द्या."

गव्हाएवढी, रंगीत पट्ट्यांची कसलीशी वस्तू त्याने पुढे टाकली. मी पैसे ठेवले. "आता झाले मी गिऱ्हाईक. आता सांगा."

एक मेकॅनिक बाजूला उभा होता. तो म्हणाला, "सांगा शेठ, न्हायतर मावशी हितंच चूल मांडत्याल."

शेवटी त्याने सांगितलं. फोन केला नाही तो नाहीच. पण कंडेन्सर प्लगला जोडून कसा भरायचा, रिकामा कसा करायचा ते दाखवलं, आणि म्हणाला, "कधी भरतो, कधी नाही. एकदा नाही झालं तर पुन्हा करा."

घरी आले तेव्हा जावेचं गाठोडं दारात होतं. लाइट होती. मी सगळ्यांना ओसरीवर बसवलं. कंडेन्सर प्लगला लावला, बटण बंद केलं, पिन काढली आणि स्क्रू ड्रायव्हर टेकवला. काहीच झालं नाही.

"झाला का तमाशा?" सासूबाई म्हणाल्या. जावेच्या भावाने गाठोडं उचललं.

"थांब जरा," मी म्हणाले आणि पुन्हा केलं. फाट्कन ठिणगी उडाली. सासूबाई किंचाळून मागे सरकल्या. तो डबा जमिनीवर नुसता पडलेला, कशालाच जोडलेला नाही, हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं.

"म्हंजी त्यो प्यायला न्हवता?" सासूबाईंनी विचारलं.

"न्हाय."

रेडिओवाल्याला मी नंतर भर चौकात गाठलं. तो म्हणाला, "मला वाटलं तुमाला ठावं असंल." व्यापाऱ्याला वाटलं याला माहीत आहे, याला वाटलं आम्हाला माहीत आहे. माझं मत विचाराल तर विकावं. शेतकऱ्याला विकावं, बाईला विकावं, जो दारात येईल त्याला विकावं. नाही म्हटल्याने वस्तू थांबत नाही, ती मागच्या दाराने येते आणि मुकी येते. पण विकणाऱ्याने तोंड उघडून विकावं. तेवढा वेळ नसेल तर दुकान बंद करावं.

सासूबाईंनी जावेची माफी मागितली नाही. त्या पिढीत ती पद्धत नव्हती. त्या उठल्या, भाकरी-कालवणाचा डबा भरला आणि दवाखान्यात न्यायला तिच्यासमोर ठेवला. जावेने तो तसाच राहू दिला. चुलीपाशी जाऊन तिने दुसरा डबा भरला, भावाला म्हणाली, "दादा, तू जा कऱ्हाटीला," आणि इंदापूरच्या गाडीला गेली.