सुगतचं दहा माणसांचं टेबल

क्रांती, मी सांगते तसंच लिही. मध्येच शहाणपणा करून वाक्यं सरळ करत बसू नकोस. आपल्या वरच्या मजल्यावरच्या सुगतचं सांगायचंय.

सुगत इथं जर्मनीत, लुडविग्सहाफेनला सहा वर्षं आहे. तुझ्या बाबांच्याच कंपनीत, लॅबमध्ये. पीएचडी झालेला. वाशिमकडचा. आई लहानपणीच गेली, वडील गावाकडं. जिन्यात भेटला की "जय भीम आजी" म्हणतो, हातातली पिशवी घेतो, दारात ठेवतो आणि वर जातो. चहाला बस म्हणलं तर बसतो, पण कपाकडं बघत. दहा प्रश्न विचारावेत तेव्हा एक उत्तर पडतं, तेही "हो". वर्षावासात दर रविवारी आपल्याकडं ग्रंथवाचन असतं ना, तेव्हा तोच वाचतो. तेवढाच त्याचा आवाज ऐकायचा. दारू नाही, सिगरेट नाही.

तर असला हा पोरगा मार्चात एक दिवस धावत खाली आला आणि म्हणाला, "आजी, टेबल मिळालं!"

म्हणलं, "ठेवणार कुठं? खोली केवढीशी तुझी."

तर ते टेबल म्युनिकच्या बिअरच्या जत्रेतलं. मला बाई काही समजेना. जत्रा सप्टेंबरात, मग मार्चात टेबल कशाला? तर म्हणे तिथं मोठमोठे तंबू असतात, आणि तंबूत अशीच आधी जागा धरावी लागते. दहा माणसांचं टेबल. आठाचं नाही, बाराचं नाही. आणि दहाही जणांची अर्धी-अर्धी भाजलेली कोंबडी आणि दोन-दोन मोठे ग्लास बिअर तेव्हाच ठरवायची.

"अरे," म्हणलं, "ती कोंबडी अजून अंड्यात तरी आहे का?"

तो हसला. सुगत हसला, लिहिलंस ना? मी इथं आल्यापासून चार वर्षांत पहिल्यांदा त्याचे दात बघितले.

पण माझ्या डोक्यात गोंधळ तो गोंधळच. जो पीत नाही तो पिणाऱ्यांच्या जत्रेत जागा कशाला धरतो? शेवटी विचारलंच. तो खुर्चीवर टेकला. मग म्हणाला, "आजी, दरवर्षी लॅबमधले सगळे जाऊन येतात, आपापल्या माणसांबरोबर. आल्यावर मला विचारतात, तू कुणाबरोबर गेलास? मी म्हणतो, मी जात नाही. त्यांना वाटतं, पीत नाही म्हणून. तसं नाही. दहा माणसं कुठून आणू?"

मी चहाला आधण ठेवलं.

पण ह्या वेळी माणसं मिळाली. तुझे आईबाबा, समोरच्या बिल्डिंगमधले पुण्याचे प्रताप आणि सरिता, श्रीपाद आणि उल्का, तुझ्या आखनच्या कॉलेजातली तीन मुलं, आणि सुगत. झाले दहा. तू तेव्हा नको म्हणाली होतीस. सगळ्यांत मोठा आवाज प्रतापचा. आपल्याच सोफ्यावर बसून मला शिकवत होता, ग्लास कसा धरायचा, कसा आपटायचा. सुगतनं तर चामड्याची हाफ पँट आणली कुणाची तरी वापरलेली, खांद्यावरून दोन पट्टे असलेली. एवढा शिकलेला मुलगा, आणि मला विचारतो, "आजी, बरी दिसते का?" आता काय सांगू? म्हणलं, "गुडघ्याला वारा लागेल, बाकी झकास."

सुगतनं एक नियम सगळ्यांना दोन-दोनदा सांगितला होता. बारा वाजेपर्यंत निदान पाच माणसं टेबलावर बसलेली पाहिजेत. नाहीतर टेबल दुसऱ्याला देतात.

"पाच?" प्रताप म्हणाला. "अरे, आपण दहाचे पंधरा होऊ."

आता सप्टेंबर आला, सगळे बेत पक्का करायला आपल्याकडं जमले. सरिता आपल्या स्वयंपाकघरात चहा पीत उभी होती, आणि तिचं लक्ष गेलं भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरकडं. मला वाचता येत नाही, पण पुनव-अमावस्येचे गोल कळतात. ती बोट फिरवत त्या शनिवारावर आली आणि थांबली.

"अहो," तिनं प्रतापला हाक मारली, "पितृपक्ष आहे. आणि शनिवारी बाबांची तिथी."

प्रताप म्हणाला, "बाबांनाही बिअर आवडायची."

"म्हणून काय पानावर वाढायची?"

"तसं नाही गं. पुढच्या शनिवारी जाऊ."

"पुढच्या शनिवारी नवरात्र."

सगळे त्या कॅलेंडरकडं बघायला लागले. मार्चात सगळ्यांनी जर्मन तारीख बघितली होती बघ, आपली तिथी कुणी बघितलीच नाही. सुगतनं सांगितलं की टेबलाचा दिवस बदलत नाही. मग एकेक गळायला लागला. उल्का म्हणाली, पितृपक्षात कोंबडी नको, आणि ती नाही म्हणून श्रीपादही नाही. तुझ्या कॉलेजातल्या मुलांची परीक्षा निघाली. आपल्यात पितरं पाळत नाहीत, म्हणून तुझे आईबाबा राहिले आणि सुगत. तीन. दारू पिणारे सगळे गेले आणि न पिणारे राहिले. ह्याला काय म्हणावं मला अजून समजलं नाही.

गुरुवारी सुगत खाली आला, त्या हाफ पँटची घडी हातात घेऊन. "ही परत देऊन येतो," म्हणाला.

मी म्हणलं, "बस जरा. मला एक सांग, वाचन तूच करतोस म्हणून विचारते. पाचवं शील काय म्हणतं?"

"मद्य घेणार नाही."

"घेणार नाही. पण घेणाऱ्यांच्या शेजारी बसणार नाही, असं आहे का त्यात?"

"नाही, पण आजी, तुम्ही माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी कोण येतंय? मला ती कोंबडी बघायचीय."

तुझे बाबा म्हणाले, "आई, तिथं लोक बाकावर उभे राहून नाचतात." म्हणलं, "बरंय, मग बसायला जागाच जागा." आणि तुला फोन केला. तू म्हणालीस, "जा, आजी, मी आखनहून थेट म्युनिकला येते." तेव्हा झाले पाच.

मी पिठलं-भाकरी बांधत होते, तर तुझी आई क्षमा म्हणाली तंबूत डबा चालत नाही. डबा नाही तर प्रवासाला निघायचं कशाला, हेही मला समजलं नाही.

त्या तंबूत आपलं अख्खं गाव मावलं असतं, गुराढोरांसकट. बँड वाजतोय, बायका दहा-दहा ग्लास छातीशी धरून पळतायत. आमचं टेबल सापडलं, त्यावर म्हणे सुगतचं नाव. चौघं बसलो. आणि तुझी गाडी लेट. बारा वाजायला पाच मिनिटं, बारा, बारा वाजून गेले. ती वाढणारी बाई आली. तुझे बाबा तिला काही सांगतायत, ती घड्याळ दाखवतेय. मागं सात-आठ दांडगी माणसं आमच्याच बाकाकडं बघत उभी. सुगत तर उठायलाच लागला होता.

मला जर्मन येत नाही. मी उठले आणि अंगावरची शाल काढून रिकाम्या बाकावर लांब पसरली, एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तशी. आणि तिच्या टोकावर स्वतः बसले.

बाईनं शालीकडं बघितलं, मग माझ्याकडं. काहीतरी बोलली.

"काय म्हणते गं?" मी क्षमाला विचारलं.

"हे काय आहे, विचारतेय."

"सांग, माझी नात बसलीय तिथं."

क्षमानं काय सांगितलं कुणाला ठाऊक. बाईनं कपाळाला हात लावला, बोटं वर करून दहा मिनिटं दाखवली आणि गेली. नवव्या मिनिटाला तू आलीस, केस विस्कटलेले, एक बूट सुटलेला.

मग कोंबडी आली, लिंबाचं सरबत आलं. उरलेल्या पाच जागांवर त्या बाईनं त्या दांडग्यांतलेच पाच बसवले, आपल्या वाटची बिअरही त्यांच्याच पुढं गेली. त्यांनी आमच्याकडं बोट करून सुगतला काही विचारलं, ही सगळी कोण, असंच असणार. त्यानं आपल्या सगळ्यांकडं हात फिरवून काहीतरी सांगितलं. आणि त्यानंतर, क्रांती, तो पोरगा बोलायला लागला. माझ्याकडं वळून, मराठीत. गावाचं नाव ऐकलं मी, आईचं नाव ऐकलं, मध्ये कुठंतरी शाळा आली. हातवारे काय, हसणं काय, एकदा डोळे पुसले. कोंबडी गार झाली त्याची. बँड इतका मोठ्यानं वाजत होता की बाकीचं मला एक अक्षर कळलं नाही. मी आपली मान हलवत राहिले, "हो का? मग?" म्हणत राहिले, आणि तो सांगत राहिला.