एक नंबरची पेटी

आमच्या समोरच्या गाळ्यातल्या घड्याळवाल्याइतका हट्टी माणूस अख्ख्या खामगावात नसेल. पाय लहानपणीच गेले, तीनचाकी सायकलवर फिरतो. पण मागून कोणी सायकलला हात लावला की ब्रेक दाबून बसतो. चहावाल्याने कप हातात दिलेला चालत नाही. टेबलावर ठेवायचा, मग हा उचलणार. एकदा दारासमोरच्या मातीत त्याचे चाक रुतले. मी ढकलायला गेले तर म्हणाला, "काकू, तुमचे गुडघे सांभाळा." अर्धी दुपार तो चाकाशी झटला आणि मी छत्री धरून उभी. साड्यांना फॉल लावायचे माझे काम तसेच पडले.

खरा वैताग टपालपेट्यांचा. आमच्या कॉम्प्लेक्सच्या मालकाने जिन्याखाली सगळ्या गाळ्यांच्या पेट्या एकावर एक ठोकल्या. एक नंबर सगळ्यात वर, कारण एक नंबर खाली शोभत नाही म्हणे. तो गाळा नेमका याचा. पोस्टमन टपाल हातात द्यायला यायचा, तर हा म्हणायचा, पेटीत टाका. मग काठीने कडी पाडायची आणि कागद डोक्यावर घ्यायचे. माझा नंबर शेवटचा, म्हणून पेटी तळाला, वाकताना जीव जायचा. मी अदलाबदल सुचवली. तेही नाही. नंबर त्याचा होता, पेटीनेच खाली यायला हवे होते.

मालकाने समजावले, "अरे बाप्पा, टपाल आम्ही आणून देत जाऊ तुले."

"मले टपाल आणून नाई पाह्यजे, मालक. मले माही पेटी उघडायची हाय."

तेव्हापासून रोज पेटीतून टपाल काढून होईपर्यंत त्याची सायकल जिन्याच्या तोंडाशी आडवी. वर दातांचा डॉक्टर बसतो. त्याचे पेशंट गाल धरून खाली खोळंबायचे. शेवटी डॉक्टरच्या तक्रारींना कंटाळून मालकाने पेट्या एका ओळीत लावल्या, बसलेल्याच्या हाताला येतील अशा. मलाही आता फार वाकावे लागत नाही. हे त्याला मी सांगितलेले नाही, आधीच डोक्यावर बसला आहे.

आता टपालच येत नाही, सगळे फोनवर येते. तरी दुकान बंद करताना तो पेटीपाशी जातो, दार उघडतो, आत हात घालून कोपरे चाचपतो. परवा मी विचारलेच, रोज काय पाहतोस त्या रिकाम्या पेटीत.

"रिकामी हाय, हे मले कोणी सांगावं लागत नाई, काकू."

मी पिशवी उचलली आणि त्याची कडी लावून होईपर्यंत थांबले. घाई तशी मलाही कुठे होती.