सासूच्या नावाची सुई

पंचफुलाबाईसारखी सून मी उभ्या नोकरीत दुसरी पाह्यली न्हाई, अन् देवा, पाहायचीही न्हाई!

मी पद्माबाई, हट्टा गावची. पंच्याहत्तर साली सिद्धेश्वरच्या धरणाजवळ एका गावात नर्स होते. पंचफुलाचं घर मेंढरावाल्यांचं. नवरा मल्हारी आठ महिने मेंढरांमागं रानात. घरी ती अन् तिची दमेकरी सासू चंद्रभागाबाई. सासूनं नवस बोलायचे अन् सुनेनं फेडायचे, असा दोघींचा रिवाज. म्हातारीचा सोमवार पंचफुला उपाशी राहून धरायची. म्हातारीनं खंडोबाला बोललेली अनवाणी वाट हीच चालून आली. बाया चिडवायच्या, "अगं, जेवण तरी तुहं तू जेवतीस का तेबी सासूच्या नावानं?" ही म्हणायची, "नाव पोचलं की झालं. त्यांच्यानं होत न्हाई, माझ्यानं होतं."

त्या साली नदीकाठच्या गावांत पटकी आली. जुलाब-उलट्यांनी चांगली धडधाकट माणसं दोन दिवसांत जाऊ लागली. वरून हुकूम आला, सगळ्यांना सुया टोचा. शाळेच्या ओसरीवर रांग लावली. मी घसा फोडून सांगितलं, "म्हातारी, दमेकरी माणसं आधी आणा. त्यांना जास्त धोका हाय."

पंचफुलानं डाव्या दंडावर सुई घेतली अन् गेली. घटकाभरानं हिरव्या लुगड्यातली एक बाई खोकत आली, पदर नाकापर्यंत ओढलेला. नाव सांगितलं चंद्रभागाबाई. उजवा दंड पुढं केला. मी सुई दिली अन् वर चेष्टा केली, "म्हातारे, दंड तर लई टणक हाय तुहा!" मागच्या दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. मला वाटलं, माझ्या चेष्टेला हसल्या. डोळे असून आंधळी मी, दुसरं काय!

तिसऱ्या आठवड्यात सकाळीच सांगावा आला, चंद्रभागाबाईला जुलाब होऊन राहिले. मी वही उघडली. नावापुढं माझ्याच अक्षरात 'दिली'. म्हटलं, सुई झालेली हाय, काही शिळंपाकं खाल्लं असेल. गोळ्या पाठवल्या अन् दुसऱ्या वस्तीवर निघून गेले.

दुपारी घरी गेले तर म्हातारी वळखू येईना. डोळे खोल गेलेले, हातपाय गार. सलाईन लावायला शीर सापडेना. मी खेकसले, "पाणी उकळून देत होतीस का न्हाई?"

"आधी देत होते. सुई झाल्यावर बंद केलं."

"अगं पण सुई झालेल्या बाईला इतकं काहून व्हावं?"

पंचफुला म्हणाली, "त्यांची सुई म्याच घेतली, बाई. त्यांचं लुगडं नेसून. दोन दिवस तापानं फणफणले. त्यांना सोसलं असतं का?"

शिव्या द्याव्या तर कोणाला? दंड तर मीच धरला होता.

तिनं चोळीची बाही वर सारली अन् उजवा दंड माझ्यापुढं धरला. "ही त्यांची हाय. माझ्यातली काढा अन् त्यांना द्या. काढा ना, बाई!"

दिवस बुडायच्या आत चंद्रभागाबाई गेली.

मला राहवेना. मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, थकलेल्या अंगाला ही लस निम्मीशिम्मीच लागू पडते, दिली असती तरी भरवसा नव्हता. तेवढाच धीर द्यावा म्हणून तेराव्यानंतर मी पंचफुलाकडं गेले अन् जसंच्या तसं सांगितलं.

ती उजवा दंड चोळू लागली.

"मंग त्यांच्या वाट्याची ती निम्मीबी म्याच खाल्ली, बाई."