निर्मलाताईंचे आर्टचे रविवार

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. माळ्यावरच्या खोक्यांसारखे ते साठत जातात आणि एखाद्या दिवशी अंगावर पडतात. माझ्याकडे साठलेत ते सगळे आर्ट गॅलरीतले. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगते.

सगळा दोष निर्मलाताईंचा. त्या ऑफिसात मला सीनियर, आणि दिल्लीत आर. के. पुरमला राहतात माझ्या वरच्याच मजल्यावर. त्यांची केतकी बर्लिनला आर्टिस्ट आहे. रविवारी तिचा फोन येतो. सध्या काय काम करतेस, असं ताईंनी विचारलं की ती म्हणायची, "जाऊ दे ना आई, तुला नाही कळणार." मग फोन लवकरच संपायचा. ताईंच्या ते मनाला लागलं. नाही कळणार म्हणजे काय, शिकून घेऊ, असं म्हणून दिल्लीत परदेशी कलाकारांचं जे जे प्रदर्शन लागेल ते त्या पाहायला लागल्या. सोबत हवी म्हणून मी, आणि गाडी आहे म्हणून आमच्या गणपती मंडळातले सुभेदार जाधव. आठवडाभर फायली उपसायच्या आणि सुट्टीच्या दिवशी हे! भिडस्त स्वभाव नडतो तो असा.

*

युद्ध पाहिलेल्या देशातल्या एका कलाकाराने हॉलच्या मधोमध वाळूच्या पोत्यांची भिंत रचली होती, बंदुकीपुरती फट ठेवून. जाधवांनी हात मागे बांधून तिच्याभोवती चक्कर मारली.

"बंकर चांगला बांधलाय," ते गॅलरीतल्या मुलीला हिंदीत म्हणाले, "पण फट आतल्या बाजूला ठेवलीय. गोळी आपल्याच माणसांना लागेल."

ती हळूच म्हणाली, "सर, वही तो पॉइंट है."

जाधवांनी पुन्हा वाकून त्या फटीतून पाहिलं. घरी परतताना धौला कुआँच्या चौकात गाडी थांबली. मग म्हणाले, "माणूस खरं बोललाय."

*

नोव्हेंबरात एका युरोपियन बाईंनी बंद खोलीत धुकं भरलं होतं. आत जायचं आणि हरवून जायचं. मी म्हटलं, यासाठी तिकीट कशाला? बाहेर सगळी दिल्ली धुरात हरवलेलीच आहे. घसा खवखवत होता, डोळे चुरचुरत होते, ताईंचा दमा तर कधीचा उसळलेला.

आत गेलो. मी आणि जाधव लगेच बाहेर पडलो. ताई येईनात. बराच वेळ झाला तसा मी दारातून हाक मारली, "ताई, चला ना, ट्रॅफिक लागेल."

धुक्यातून आवाज आला, "थांब गं मीना. इथे श्वास घेता येतोय."

त्या बाईंच्या अभिप्रायाच्या वहीत ताईंनी तसंच लिहिलं. त्याचा काय अर्थ लावला असेल, देव जाणे.

*

माझीही एकदा कला झाली. गुडगावच्या एका गॅलरीत मी दमून बाकावर टेकले आणि डोळा लागला. उठले तर समोर कॉलेजची मुलं उभी, मोबाइल घेऊन. एक मुलगी दुसरीला सांगत होती, "कितना ऑनेस्ट है यार." मी पदर सावरला आणि उठले, तर त्यांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगू? ऑफिसात इतकी वर्षं घासली, पण टाळ्या पहिल्यांदाच मिळाल्या.

*

आणि गेल्या हिवाळ्यात केतकीचंच प्रदर्शन दिल्लीत लागलं. निघण्याआधी तिने बर्लिनहून फोनवर सांगितलं, "तू नको येऊस आई, बोअर होशील." ताई नारायणपेठ नेसून पहिल्याच दिवशी हजर. त्यांना दारात पाहून केतकीचा चेहरा उतरला.

आत अंधारी खोली. काही नाही, फक्त भिंतीतून एका बाईचा आवाज. थंडी आहे का तिकडे? मग शांतता. एकटीच आहेस का घरी? शांतता. कधी येतेस? पुन्हा शांतता. रविवारचे फोन केतकीने रेकॉर्ड करून ठेवले होते आणि त्यातले फक्त आईचे प्रश्न लावले होते. मराठीचा गंध नसलेली दिल्लीकर मंडळी डोळे मिटून ऐकत होती. मला भरून आलं, आणि त्या पोरीचा रागही आला.

ताईंनी सगळं ऐकलं. प्रश्न संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, तेही ऐकले. मग शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या केतकीला त्यांनी विचारलं, "आणि तुझी उत्तरं?"

"ती काढून टाकलीत, आई."

"काढायला होती कुठे?"

ताई रागावून बोलल्या नव्हत्या. जाधव उगाच बुटांकडे बघत राहिले. तेवढ्यात भिंतीतून ताईंनी विचारलं, "जेवलीस का गं?"

"नाही अजून," अंधारातून केतकी म्हणाली.