घारपुरे बाईंचा आवाज

घारपुरे बाईंनी पहिल्याच तासाला आमच्या हातांत कपडे वाळत घालायची दोरी दिली. आम्ही मुली गोल करून बसलो होतो. दोरीची दोन्ही टोकं त्यांनी एकमेकांना बांधली होती आणि ती सगळ्यांच्या मुठींतून सैल फिरत होती.

"मी ओढते आहे. मी म्हणजे बॅटरी," बाई म्हणाल्या. "मंगल, तू एकटीनं मूठ आवळ. बाकीच्यांनी सैल ठेवा."

मी मूठ आवळली. दोरी सगळीकडेच मंदावली आणि माझा तळवा चांगलाच तापला.

"तापला ना? झालीस तू दिवा. आता सांगा, दोरी संपतेय का?"

"नाही!"

"मग काय संपतंय?"

माझ्या शेजारून शेवंता म्हणाली, "तुमची ताकद सरतीया, बाई. दम लागलाय तुमास्नी."

बाई मोठ्यानं हसल्या. "अगदी बरोबर. तारेतून जे फिरतं ते संपत नाही. संपते ती ऊर्जा. माझी काय, घरी जाऊन दोन पोळ्या खाल्ल्या की परत येईल. बॅटरीला ती सोय नाही."

"म्हंजी भाकरीनंच दिवा लागतोय की!" शेवंता म्हणाली, आणि त्या दिवसापासून ती बाईंची लाडकी झाली.

आमची शाळा अंध मुलींची होती. मी जन्मापासून काही पाहिलेलं नाही. शेवंता कात्रजच्या पलीकडच्या एका खेड्यातली. रांगत होती तेव्हा गोवरात तिचे डोळे गेले. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. आमच्यासारख्या मुलींनी गाणं शिकावं, वेताच्या खुर्च्या विणाव्यात, एवढंच लोकांना वाटे. विज्ञान आमच्या वाट्याला येतच नसे. बाई आधी एका मोठ्या शाळेत डोळस मुलांना पदार्थविज्ञान शिकवत. ती नोकरी सोडून इथं का आलात, असं आम्ही विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तिकडं मुलं फळ्याकडं बघतात आणि खिडकीबाहेरचं शिकतात. म्हटलं, बघणंच नसलेला वर्ग पाहावा."

असलं आमच्याशी कुणी बोलत नसे. बाकीची माणसं आमच्यापुढं आवाज उगाच मऊ करत. बाईंचा आवाज खर्जातला, जरा खरखरीत, 'ळ' ठसठशीत. दारात पाऊल टाकताच त्या म्हणत, "घारपुरे आली." मग तासभर आपण कुठं आहोत ते सांगत फिरत. "आता मी खिडकीपाशी आहे. चिंचा खाणारीनं बिया खिशात ठेवाव्यात, माझ्या पायाखाली नकोत." दिव्याचा प्रयोग त्या घंटीवर करून दाखवत. तार जोडली की घंटी वाजे, सोडली की गप्प. पेटत्या बल्बजवळ त्या आमचे तळहात धरत. एकदा शेवंतानं विचारलं, "बाई, ऊब कळली. पर उजेड कसा असतोय?"

बाई म्हणाल्या, "ते मला सांगता येत नाही, शेवंता. आणि येत नाही ते येतं असं मी सांगणार नाही."

शेवंताला शालान्त परीक्षेला विज्ञान घेऊन बसवायचं, हे बाईंनी मनावर घेतलं होतं. अर्ज परत आले. शेवटी एक दिवस त्या आम्हा दोघींना रिक्षात घालून परीक्षेच्या कचेरीत घेऊन गेल्या.

"अहो बाई, सहानुभूती आहे हो आम्हाला," तिथले साहेब म्हणाले, "पण या मुली प्रयोग कसे करणार?"

"आपल्या टेबलावर जरा जागा करता?"

पिशवीतून सेल, तारा, घंटी निघाली. शेवंतानं चाचपून सगळं जोडलं. घंटी वाजली. साहेबांनी, मला वाटतं गंमत म्हणून, एक तार हळूच सोडवली. घंटी बंद पडली. शेवंतानं टोकापासून बोटं फिरवत नेली, सुटलेली जागा शोधली, तार पुन्हा पिळली. घंटी परत वाजली.

"वा! शाब्बास! कमाल आहे पोरीची! चहा मागवू का?"

"चहा नको. परवानगी द्या."

"तेवढं नाही हो जमणार. नियम आहे."

जिना उतरताना बाई म्हणाल्या, "कौतुकाला पैसे पडत नाहीत, म्हणून लोक ते ढिगानं देतात." रिक्षात, मंडईचा गलका, कोथिंबिरीचा वास मागं गेला तेव्हा म्हणाल्या, "शेवंता, तू पास झालीस. कागद मिळाला नाही, एवढंच."

"मग उद्याच्याला चुंबकाचा धडा घ्यायचा का?" शेवंतानं विचारलं.

बाईंनी घसा खाकरला. त्या वेळी मला वाटलं, रडू आवरतायत. पण ते खाकरणं पुढं रोजचंच झालं. आवाज चिरकू लागला. "खडूची धूळ," बाई म्हणत. आमच्या वर्गात खडूच नव्हता. मग त्या रजेवर गेल्या, आणि काही आठवड्यांनी आम्हाला सांगण्यात आलं की बाईंना घशाचा कॅन्सर आहे, ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढून टाकलं. एका छोटीनं विचारलं, "मग बोलतील कधी?"

त्यानंतरची ती दुपार. शिक्षक नव्हते म्हणून वर्गात दंगा चालला होता. दाराकडून एक चमत्कारिक आवाज यायला लागला. शिट्टीसारखा, ओलसर, थांबून थांबून. एकेक करून आम्ही गप्प झालो.

"कोण आहे?" कुणीतरी विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तरी नाही. मग पावलं आत आली. जड, फरपटत. आजारानं बाईंची चाल बदलली असेल, हे आम्हाला कुठून कळणार? लहान मुली किंचाळल्या. पावलं थबकली.

शेवंता उठून उभी राहिली. ती सगळ्यांत धीट. "कोण हाय त्ये? बोलायला त्वांड न्हाई का?"

तो आवाज क्षणभर बंद झाला. मग पावलं माघारी गेली.

थोड्या वेळानं फाटकावरच्या मावशी आल्या. "भेटल्या का गं बाई? लगेच का निघाल्या? रिक्षात बसून रडत होत्या."

त्या दिवशी शेवंतानं अन्नाला हात लावला नाही.

रविवारी मावशींनी आम्हा दोघींना सदाशिव पेठेत बाईंच्या घरी पोचवलं. त्यांच्या थोरल्या बहिणीनं, ताईंनी, दार उघडलं. शेवंतानं चाचपडत बाईंचे पाय धरले ते सोडीना. "म्या वळखलं न्हाई वो, बाई. म्या वळखलं न्हाई." बाईंनी तिला उठवून शेजारी बसवलं, तिचा हात आपल्या गळ्याशी नेला. शेवंता एकदम शांत झाली. "मंगल," ती हळूच म्हणाली, "हितनं वारा येतुया." वर्गात ऐकलेली ती शिट्टी म्हणजे ऑपरेशनात गळ्याला पाडलेल्या भोकातून चाललेला बाईंचा श्वास होता.

मग टिकटिक सुरू झाली. बाई ब्रेलच्या पाटीवर टोचणीनं लिहीत होत्या. कागद त्यांनी माझ्या हातात दिला. मी मोठ्यानं वाचलं, "आता ही अशी घारपुरे. भिऊ नका." खाली आणखी एक ओळ होती. "चुंबक कुठवर आलं?"

मग आम्ही बऱ्याच रविवारी जात राहिलो. शाळेत परतणं त्यांना शक्य नव्हतं. अख्ख्या वर्गाला एका वेळी एकच कागद कसा पुरणार? पण आमचा चुंबकाचा धडा त्यांनी पुरा केला. पूर्वी एका दमात सांगत ते टोचायला आता दुपार जाई.

आजार उलटला. शेवटच्या भेटीत त्या पडूनच होत्या. ताईंनी उशीचा आधार देऊन पाटी मांडीवर ठेवली. टिकटिक ऐकूच येईना, इतका हात हलका पडला होता. बऱ्याच वेळानं कागद माझ्याकडं आला. मी बोटं फिरवली. कागद सपाट होता. टोचणीला टिंब उठवण्याइतका जोरच राहिला नव्हता. मी उलटा करून पाहिला, पुन्हा पाहिला.

"वाचता येतंय ना गं?" ताईंनी विचारलं.

शेवंतानं माझ्या हातातून कागद घेतला. त्यावरून सावकाश बोट फिरवलं. "व्हय बाई," ती म्हणाली. "कळलं. समदं कळलं." न समजलेलं समजलं म्हणण्याची मुभा ज्यांनी आम्हाला कधी दिली नाही, त्या बाईंपुढं.

बाईंनी काय लिहिलं होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही. चार दिवसांनी त्या गेल्या.

पुढं नियम बदलला. अंध मुली विज्ञानाच्या परीक्षेला बसू लागल्या. तोवर शेवंता गावी परतून खुर्च्या विणत होती. मी टेलिफोन ऑपरेटर झाले, निवृत्तही झाले. शाळेच्या सभागृहात बाईंची तसबीर लावली आहे, असं सांगतात. मला तिचा काय उपयोग? माझ्यापाशी होता तो त्यांचा आवाज, आणि अलीकडं तोच हातातून निसटत चाललाय. शब्द सगळे आठवतात, पण ते आता माझ्याच आवाजात ऐकू येतात.

शेवंता बाईंची नक्कल हुबेहूब करायची. वसतिगृहात आम्ही हसून लोळायचो. परवा मी तिला फोन केला. म्हटलं, "शेवंता, एकदा बाईंसारखं बोल ना."

तिनं घसा साफ केला. एक वाक्य बोलली. थांबली. पुन्हा तेच वाक्य आणखी खालच्या पट्टीत बोलून पाहिलं.

"न्हाई गं मंगल," ती म्हणाली. "ह्यो माझाच आवाज हाय."