कोर्टावरचा डबा

देवासला आमच्या मिशनच्या मुलींच्या शाळेतल्या खेळाच्या मॅडम मुलींनाही इकडच्यासारखं ‘भिया’, म्हणजे भाऊ, म्हणतात आणि शिटी गळ्यात ठेवूनच जेवतात. यंदा शेजारची मुलांची मिशन शाळा आमच्यात मिळवून एकच शाळा झाली. लगेच मुलींचं बास्केटबॉल कोर्ट मधल्या सुट्टीत मुलांना दिलं आणि मुलींना वर्गात बसायला सांगितलं. कारण काय, तर मुलांची टीम आहे. आमच्या मुली काय इतकी वर्षं तिथे भजन करत होत्या?

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कोर्टाच्या मधोमध खुर्ची टाकून डबा उघडला. मुलांचे सर धावत आले.

“मॅडम, इथे जेवताय?”

“हो भिया. मुली खेळायला आल्या की उठते.”

मी कधी कुणाशी भांडलेली नाही. मी शिक्षकांच्या खोलीतून माझा डबा घेतला आणि एक खुर्ची ओढत कोर्टावर गेले.